तिरपी चाल

अनुजा मगदूमनं आईचं रक्त मागितलं ते निव्वळ सोय म्हणून. यंत्राची परीक्षा घ्यायची होती आणि त्यासाठी एकच मूल झालेली बाई हवी होती. संस्थेच्या यादीत अशा बायका होत्या, पण यादीतल्या माहितीवर किती विसंबायचं? स्वतःच्या आईबद्दल मात्र शंकेला जागा नव्हती. अनुजा एकुलती एक. लहानपणी सुट्टीत चुलत-मावस भावंडांचा गोतावळा जमायचा आणि चार दिवसांनी पांगायचा, की घरात उरायची ती, आई आणि अप्पा. तेव्हा एका रविवारी सांगलीला जाऊन तिनं आईच्या दंडातून दोन चमचे रक्त काढून आणलं. शालनताई बहात्तर वर्षांच्या. सुईकडे न बघता त्या म्हणाल्या की एवढंसं पुरतं होय, आमच्या वेळी बाटली भरून काढायचे.

सन दोन हजार एकेचाळीस. मिरजेच्या त्या संशोधन संस्थेत अनुजा वरिष्ठ तंत्रज्ञ होती, आणि यंत्र होतं डॉ. नसीम बागवान यांचं. बागवान मॅडमचं सगळं शिक्षण मिरजेत झालं, पुढं त्या जगभर फिरल्या आणि साठीच्या उंबरठ्यावर आपलं यंत्र घेऊन पुन्हा मिरजेत आल्या. यंत्राचं नाव त्यांनी ‘तिरीप’ ठेवलं होतं. ढगांच्या फटीतून तिरकं उतरणारं ऊन. ऊब आणि तिरपेपणा, दोन्ही त्यात आलं.

यंत्र दिसायला शिवणयंत्राच्या पेटीएवढं. त्याच्या पोटात काचेची एक चकती आणि चकतीत केसाएवढी रुंद पन्हळ. पन्हळीची एक भिंत अंगाएवढी उबदार, समोरची सहा अंशांनी गार. सहा अंश म्हणजे माठातल्या आणि नळाच्या पाण्यातला फरक. पण तो फरक एका केसाच्या रुंदीत कोंबला की त्याचा कडा होतो. तोच उतार तसाच मीटरभर लांबवला, तर पलीकडच्या टोकाला सूर्याच्या पृष्ठभागाच्या दहापट उष्णता असेल. अशा कड्यावर रक्ताचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं.

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणाला एका अंगानं ऊब आणि दुसऱ्या अंगानं गारवा लागला, की त्याच्या कातडीलगतचा पाण्याचा पातळ थर सरकू लागतो आणि कण उलट बाजूला रेटला जातो. कण गोल असेल तर तो उताराच्या रेषेत सरळ जातो, बहुधा गारव्याकडे. गोलाला तोंड नाही आणि पाठ नाही. पण कण लांबट असेल तर त्याच्या लांबीवरून पाणी सहज सरकतं आणि आडवं सरकताना अडखळतं. म्हणून लांबट कण आधी वळतो, अंग तिरकं करतो आणि तिरप्या वाटेनं निघतो. हरिपूरच्या घाटावरून पलीकडे जाणारा नावाडी धारेत नावेचं तोंड तिरकं धरतो ना, तसं. कणाला कुणी वल्हं दिलेलं नसतं. त्याचा आकार हेच त्याचं वल्हं.

अनुजा सोळा महिने हे रोज बघत होती आणि तरीही पन्हळ पडद्यावर उजळली की क्षणभर हात थांबायचे. कोट्यवधी तांबड्या पेशी एका बाजूला मुकाट सरकत आहेत, आणि त्या गर्दीतून एखादी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, चातीसारखी पेशी वळते, सावरते आणि सगळ्यांच्या उलट, ऊब असलेल्या भिंतीकडे तिरपी चालू लागते.

या चातीसारख्या पेशी शोधण्यासाठीच तिरीप बनवलं होतं. कर्करोगाच्या भटक्या पेशी पुष्कळदा अशाच लांबट असतात आणि लाखात एक असतात. पण पहिल्याच वर्षी यंत्राच्या जाळ्यात भलतंच काही सापडलं. तंदुरुस्त बायकांच्या रक्तात चातीसारख्या पेशी निघाल्या, आणि त्यांचा जनुकीय आराखडा वाचला तर तो त्या बाईचा नव्हताच. तो तिच्या मुलाचा होता. मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि पुढं कित्येक वर्षं तिथं राहतात, हे शास्त्राला जुनंच ठाऊक होतं. मात्र त्या अशा जिवंत, चालत्याबोलत्या, एकेक वेचून कुणी काढल्या नव्हत्या. आता यंत्राला किती मुलं मोजता येतात ते ताडून बघायचं होतं.

शालनताईंच्या रक्तात यंत्रानं दोन मुलं मोजली.

एक अनुजा. दुसरा मुलगा होता. त्याचा आराखडा अनुजाशी निम्मा जुळत होता, म्हणजे आईवडील तेच.

अनुजानं चकती बदलली, पन्हळ धुतली आणि पुन्हा थेंब सोडला. पुन्हा दोन. तिसऱ्यांदाही दोन. तेव्हा ती बागवान मॅडमकडे गेली आणि यंत्रात बिघाड असावा असं म्हणाली. मॅडमनी तिन्ही निकाल शांतपणे पाहिले.

“यंत्र खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तीनदा तेच खोटं बोलणार नाही.”

मग त्यांनी हेही सांगितलं, की मूल जन्मलेलंच असेल असं नाही. पडलेल्या गर्भाच्या पेशीही राहतात. आईला विचारायचंच असं नाही. आणि एवढं बोलून त्यांनी पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं शालनताईंच्या स्वतःच्या पेशी होत्या. त्यातल्या पुष्कळ कच्च्या होत्या, वेड्यावाकड्या, ज्यांनी गारव्याकडे जायचं त्या वाट चुकून मधेच गिरक्या घेत होत्या. मॅडमनी एका डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून दिलं.

डॉ. हेरवाडे रक्ताच्या आजारांचे जाणकार. त्यांनी सांगितलं की हाडांच्या मगजात जिथं रक्त तयार होतं, तिथंच बिघाड झाला आहे. अजून फार पसरलेला नाही, पण वर्षभरात हाताबाहेर जाईल. पाच वर्षांपूर्वी या वयाच्या बाईला त्यांनी घरी पाठवलं असतं, आता मात्र इलाज होता. शालनताईंच्याच निरोगी मूळपेशी वेचायच्या, दुरुस्त करायच्या, त्यांच्यावर एक खूण करायची आणि वाढवायच्या. मग औषध द्यायचं. ते औषध सहा आठवडे शरीरभर फिरून, खूण नसलेली रक्तातली प्रत्येक भटकी पेशी मारतं. जागा रिकामी झाली की नव्या पेशी तिथं नांदू लागतात. दहातल्या आठजणी बऱ्या होतात. शालनताई आणि भूपाळअप्पा शेजारी शेजारी बसून हे ऐकत होते. डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, बाळंतपणं किती?

“एक,” शालनताई म्हणाल्या.

अनुजानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

ती गोष्ट तिथंच सोडून देता आली असती, आणि पुढं कितीतरी दिवस अनुजाला वाटत राहिलं की सोडायला हवी होती. पण ते ‘एक’ तिच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी ती सांगलीला गेली. शालनताई स्वयंपाकघरात पाणी गाळत होत्या. हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं लावून पाणी गाळायचं, गाळून झालं की फडकं न गाळलेल्या पाण्यात हलकेच धुवायचं, म्हणजे त्यातले जीव मरत नाहीत. शुद्ध पाण्याचा नळ येऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी मगदुमांच्या घरात हा जैनांचा जुना परिपाठ मोडला नव्हता.

अनुजानं विचारलं नाही. जे पाहिलं ते सांगितलं. तुझ्या रक्तात माझ्या पेशी आहेत, आणि आणखी एकाच्या आहेत. तो मुलगा आहे. त्या पेशी जिवंत आहेत.

शालनताईंनी फडकं पिळलं नाही. ओल्या फडक्यासकट त्या खाली पाटावर बसल्या. त्यांनी विचारलं, “जिवंत म्हणजे कशा?”

“हलतात. वाढतात. ऊब असेल तिकडे जातात.”

मग शालनताईंनी सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पा पाटबंधारे खात्यात होते आणि डोंगरातल्या एका धरणाच्या कामावर त्यांची नेमणूक होती. पत्र्याच्या वसाहतीत पौष महिन्यात मुलगा झाला. सात महिन्यांचाच, पण आवाज खणखणीत. त्या साली थंडी अशी पडली की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. शेगडी होती, गोधड्या होत्या, शालनताई रात्रंदिवस त्याला छातीशी धरून होत्या. दहाव्या दिवशी तो गार पडायला लागला. जीप यायला उशीर झाला. अकराव्या दिवशी दुपारी तो गेला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, सांगलीहून माणसं निघालीही होती. सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं, की नाव ठेवलेलं नाही, तेव्हा तो घरचा झालाच नव्हता, त्याचा विषय काढायचा नाही. कुणी काढला नाही. अप्पा त्याला घेऊन गेले आणि संध्याकाळी एकटे आले. कुठं पुरलं हे शालनताईंनी विचारलं नाही, अप्पांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी धरण भरलं आणि तो सगळा भाग पाण्याखाली गेला.

“तुझं नाव तुझ्या अप्पांनी ठेवलं,” शालनताई म्हणाल्या. “सगळे म्हणाले, पहिल्या मुलीचं नाव अनुजा कसं? अनुजा म्हणजे धाकटी. त्यांनी ऐकलं नाही.”

पंचेचाळीस वर्षं ती रोज ज्या नावाला ओ देत होती, त्यात एक थोरला भाऊ उभा होता.

शालनताई रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते अनुजानं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या आपल्या हाताकडे, मनगटाच्या निळ्या शिरेकडे बघत होत्या. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्या जिवांना दुखू नये म्हणून त्यांनी जन्मभर पाणी गाळलं होतं. आणि आपल्या अंगातल्या थेंबाथेंबात अकरा दिवसांचा तो अठ्ठेचाळीस वर्षं फिरतो आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून शालनताईंची चाल बदलली. अनुजा फोनवर विचारायची तेव्हा अप्पा तुटक सांगायचे. आई नीट जेवते. आई उन्हात बसते, अंगावर शाल असतेच. आई गार पाणी पीत नाही. एकदा ते म्हणाले, ती कुणाशीतरी बोलते, आणि फोन ठेवून दिला.

इलाजाची तारीख पंधरा दिवसांवर आली तेव्हा शालनताईंनी अनुजाला बोलावून एकच प्रश्न केला. ते औषध सगळ्या भटक्या पेशी मारतं म्हणाले डॉक्टर. त्यात तोही आला का?

अनुजाला खोटं बोलता आलं असतं. तिनं होकारार्थी मान डोलावली.

“मग मला ते नको,” शालनताई म्हणाल्या.

डॉ. हेरवाड्यांनी तासभर समजावलं. त्या चार-दोन पेशी म्हणजे मुलगा नव्हे, असं म्हणाले. शालनताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते मला कळतं, पण त्याचं या जगात दुसरं काहीच नाही. फोटो नाही, नाव नाही, खड्डासुद्धा पाण्यात गेला. अनुजानं विचारलं की त्याच्या पेशी आधी वेचून काढल्या आणि मागाहून परत घातल्या तर? डॉक्टर नाही म्हणाले. कायद्याच्या लेखी त्या दुसऱ्या माणसाच्या पेशी होत्या. त्याच्या संमतीवाचून त्या रुग्णाला देता येत नाहीत, आणि ज्याचा जन्मदाखलाच नाही त्याची संमती कोण देणार? शिवाय शरीराबाहेर त्या दोनतीन दिवसच टिकतात. फार तर गोठवून ठेवता येतील. कायदा पुढंमागं बदललाच, तर बघता येईल.

“गोठवून म्हणजे बर्फात?” शालनताईंनी विचारलं.

“बर्फापेक्षाही गार.”

“नको,” त्या म्हणाल्या. “गारठ्यानंच गेलाय तो.”

परतताना जिन्यात अप्पा अनुजाला पहिल्यांदाच कठोर बोलले. सांगायची काय गरज होती, एवढंच. सोळा महिने ती ज्या दृश्यानं थक्क होत आली होती, तेच दृश्य आता तिच्या आईचा जीव घ्यायला निघालं होतं, आणि ते घरात नेलं होतं तिनंच.

आठवडाभर अनुजा यंत्रापाशी गेली नाही. नमुन्यांचा ढीग साचला. बागवान मॅडमनी एका दुपारी तिला चहाला बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मग त्यांनी अनुजाला विचारलं, तिनं स्वतःचं रक्त कधी यंत्राला लावलं आहे का.

अनुजानं नाही म्हटलं. तिला मूल नव्हतं, तिच्यात कुणाच्या पेशी असणार?

“वार ही काही एकाच बाजूनं जाण्याची वाट नाही,” मॅडम म्हणाल्या. “पोटातल्या मुलाचं आईत जातं, तसं आईचंही मुलात येतं. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईच्या रक्तात जे जे फिरत होतं, त्यातलं थोडंफार तुझ्यात उतरलं असेल. तुझा भाऊ तिथं तुझ्याआधी तीन वर्षं होता.”

अनुजानं कप खाली ठेवला. मॅडमनी लगेच सावध केलं. धाकट्या भावंडांत अशा पेशी सापडल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आईत लाखात एक, तर इथं त्याच्याही शतांश. दहा दिवस रक्त दिलंस तरी काही मिळणार नाही, असंही होईल. आईला आधी सांगू नकोस.

अनुजानं सांगितलं नाही. रोज सकाळी कामावर आली की ती दंडातून रक्त काढायची, यंत्राला लावायची आणि पडद्यासमोर बसायची. पुरुषाची पेशी आली तर तिच्यावर हिरवी चमक उमटेल अशी सोय यंत्रात होती. पहिल्या दिवशी चातीसारख्या सहा पेशी आल्या, सगळ्या तिच्या स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एक आईची निघाली, आणि अनुजा दिवसभर त्या एकीकडेच बघत राहिली. चौथा दिवस, पाचवा दिवस रिकामे गेले. दोन्ही दंड काळेनिळे पडले. मॅडम म्हणाल्या, आता दोन दिवस थांब. तिनं ऐकलं नाही.

सहाव्या दिवशी साडेअकराच्या सुमारास तांबड्या पेशींचा लोंढा गार भिंतीकडे चालला होता, आणि त्यातून एक हिरवा ठिपका वेगळा झाला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो थबकला, वळला, अंग तिरकं केलं आणि लोंढा कापत उबेकडे निघाला. त्याच्या मागोमाग दुसरा.

अनुजाच्या छातीत धडधडत होतं आणि त्या धडधडीबरोबर अंगात जे फिरत होतं, त्यात हाही फिरत होता. शाळेत एकटीनं डबा खाल्ला तेव्हा होता. तापात फणफणली तेव्हा होता. घटस्फोटाच्या कागदावर सही केली त्या दिवशी होता. अकरा दिवसांच्या आयुष्याला पंचेचाळीस वर्षं तिनं नकळत ऊब दिली होती. तिला मोठ्यानं कुणालातरी हाक मारावीशी वाटली, पण कोणत्या नावानं मारणार?

पहिल्या पेशीचा आराखडा वाचला. आईच्या रक्तात सापडलेला तो हाच. दुसरी पेशी मॅडमनी चकतीतच उबेला ठेवली आणि अनुजाला म्हणाल्या, आता जा, घेऊन ये त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनताई आणि भूपाळअप्पा प्रयोगशाळेत आले. शालनताई इतक्या थकल्या होत्या की जिना चढताना त्यांना दोनदा बसावं लागलं. मॅडमनी खोलीतला वारा बंद केला, खुर्ची पडद्याजवळ ओढली. अनुजानं आईला आधी समजावून सांगितलं, की हे रक्त तुझं नाही, माझं आहे. शालनताईंना ते पटकन उमजलं नाही. तुझ्यात कसा, असं त्यांनी दोनदा विचारलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. जाताना तो तुमच्यात थांबला, आणि पुढं तुमच्याकडून हिच्यात आला.

मग अनुजानं पन्हळ सुरू केली.

हिरवी पेशी गार भिंतीपाशी होती. क्षणभर ती तशीच राहिली. मग हळूच वळली. तिचं एक टोक आत झुकलं, दुसरं बाहेर, आणि ती तिरपी, संथ, कुठंही न अडखळता पलीकडे निघाली. तेवढी एका केसाची रुंदी ओलांडायला तिला पाऊण मिनिट लागलं. उबेच्या भिंतीला टेकल्यावर ती थांबली.

“परत,” शालनताई म्हणाल्या.

अनुजानं भिंतींची ऊब आणि गारवा अदलाबदल केला. पेशी पुन्हा वळली, पुन्हा निघाली. हे पाच वेळा झालं. सहाव्यांदा कुणी मागितलं नाही, तरी अनुजानं केलं, कारण अप्पा पुढं होऊन पडद्याच्या अगदी जवळ आले होते. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता.

“मी त्याला स्वेटरच्या आत घेऊन गेलो होतो,” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “गेलेला होता. तरी.”

शालनताईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मग हात लांबवून त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि धरूनच ठेवली. बागवान मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून कपाटातल्या काचेच्या नळ्या उगाच सारख्या करत होत्या.

थोड्या वेळानं शालनताईंनी विचारलं, हे किती दिवस राहतात? अनुजानं सांगितलं की ती असेपर्यंत बहुधा राहतील. तुला कुठलं तसलं औषध चालू नाही ना? नाही. थंडीत बाहेर पडताना कानाला बांधतेस का? अनुजानं बांधत जाईन असं कबूल केलं. चकतीच्या कडेला नमुन्याचं नाव लिहायची जागा होती आणि तिथं नुसता आकडा होता. शालनताईंनी त्यावर बोट ठेवलं.

“श्रेयांस लिही,” त्या म्हणाल्या. “बारशाला तेच ठरलं होतं.”

अनुजानं लिहिलं.

“कधी यायचं म्हणालेत हेरवाडे?” शालनताईंनी अप्पांना विचारलं.

इलाज माघ महिन्यात सुरू झाला. ते सहा आठवडे सोपे गेले नाहीत. शालनताई काचेपलीकडच्या खोलीत होत्या, केस गेले, तोंड सोलपटलं, दोनदा ताप इतका चढला की डॉक्टरांनी अनुजाला बाजूला घेऊन तयारीत राहायला सांगितलं. अप्पा रोज सकाळी येऊन काचेबाहेरच्या बाकावर बसत आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जात. त्या दोघांचं काचेच्या दोन्ही बाजूंनी इंटरकॉमवर बोलणं चाले. अनुजा एकदा अवचित आली तेव्हा अप्पा बायकोला धरणाच्या वसाहतीचा रस्ता समजावून सांगत होते, कुठल्या ओढ्यावरून गेले, कुठल्या दगडापाशी थांबले. ती परत फिरली आणि थोडा वेळ बाहेर उभी राहिली.

पाचव्या आठवड्यात नव्या पेशींनी मगजात मूळ धरलं. चैत्रात शालनताई घरी आल्या. मे महिन्यात डॉ. हेरवाड्यांनी आजार हटल्याचं सांगितलं, आणि पक्की खात्री म्हणून तिरीपवर एक तपासणी करायला लावली. अनुजानं आईचं रक्त यंत्राला लावलं. पन्हळीतून तांबड्या पेशी शहाण्यासारख्या गार भिंतीकडे गेल्या. वेडीवाकडी एकही नव्हती. चातीसारख्या तीन आल्या, तिन्ही शालनताईंच्या स्वतःच्या, खुणेच्या. हिरवी चमक कुठंच नव्हती. अनुजानं थेंबामागून थेंब सोडले. संध्याकाळपर्यंत कुणीही दुसरं आलं नाही. उठताना तिच्या ध्यानात आलं की ती स्वतःही आली नव्हती.

निकाल घेऊन ती सांगलीला गेली तो बुधवार होता. शालनताई पडवीत उन्हाच्या कडेला बसून शेंगा फोडत होत्या. डोक्यावर बोटभर पांढरे केस आले होते. अनुजानं आजार गेल्याचं सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं आणि आणखी चार शेंगा फोडल्या. मग विचारलं, आत कुणी सापडलं का?

“नाही,” अनुजा म्हणाली. “तो नाही. आणि मीही नाही. रक्तात तरी नाही.”

शालनताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे त्यांच्याही मनात आलं नसावं. त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं, केसांपासून चपलांपर्यंत, जणू ती आत्ताच कुठून तरी बाहेर येऊन उभी राहिली होती.

“म्हणजे आता घर पार रिकामं झालं,” त्या म्हणाल्या. शेंगांची टोपली सरकवून त्यांनी शेजारी जागा केली. “मग आता रविवारचीच कशाला वाट बघायची? मधल्या वारीही येत जा. दोघंही या.”